आधी मूठ, मग घोडा : .३२ रिव्हॉल्व्हर धरायचं कसं

खंडेनवमीला काकांच्या कपाटातून रिव्हॉल्व्हर बाहेर निघतं. पाटावर लाल कापड, एका बाजूला आजोबांची कट्यार, दुसऱ्या बाजूला काकूची विळी आणि भावाचं ड्रिल मशीन, मधोमध कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ (आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात). हळदकुंकू वाहून झालं की घरातला प्रत्येक पुरुष ते एकदा उचलून बघतो आणि उचलणाऱ्याचं बोट थेट चापावर जातं. दर वर्षी. रिकामं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मला भीती वाटते ती त्या 'माहीत असतं'चीच.

माझ्या ओळखीत परवाना असलेले बरेच जण आहेत. कुणाची मुळशीकडे शेती, कुणाचं सराफी दुकान, कुणाला वडिलांच्या पश्चात वारसाने आलेलं. सगळ्यांना किंमत पाठ, नूतनीकरणाची तारीख पाठ. हातात कसं धरायचं विचारलं तर उत्तर येतं, "धरायचं काय त्यात?" हा लेख त्यांच्यासाठी. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी वाचायला हरकत नाही, पण दुसऱ्याचं शस्त्र मागून त्यावर सराव करू नये. तो दोघांचाही गुन्हा ठरू शकतो.

शब्दांचा घोळ आधी मिटवतो. जुनी माणसं चापालाही घोडा म्हणतात. इथे चाप म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर आणि घोडा म्हणजे मागचा हॅमर. घोडा अंगठ्याने मागे ओढून अडकवायचा आणि मग हलका चाप दाबायचा, ही सिंगल अ‍ॅक्शन. नुसताच चाप लांबवर ओढत नेला, घोडा त्यानेच मागे जाऊन सुटला, तर डबल अ‍ॅक्शन. आपल्याकडचं सरकारी कारखान्याचं .३२ दोन्ही प्रकारे चालतं. १८७३चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी मात्र फक्त पहिल्या प्रकारे : प्रत्येक गोळीला घोडा हाताने चढवावाच लागतो. पकड आणि घोड्याचं नातं समजून घ्यायला तो नमुना फार उपयोगी आहे, म्हणून मधूनमधून त्याच्याकडे येईन.

रिकामं म्हणजे किती रिकामं

पकडीचा सगळा सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करायचा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या कडीबाहेर, फ्रेमला म्हणजे शस्त्राच्या सांगाड्याला लागून सरळ. कानपूरचं रिव्हॉल्व्हर जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं, म्हणजे बिजागरीवर मोडणारं. डावीकडची कळ अंगठ्याने दाबली की नळी आणि सिलिंडर (काडतुसांच्या सहा घरांचं फिरतं नळकांडं) पुढे झुकतात आणि मधली चांदणी सहाही काडतुसं वर उचलते. सहा घरांत नुसतं बघायचं नाही, प्रत्येक घराच्या तोंडाला करंगळीचं टोक लावून मोजायचं. रात्री, चष्म्याशिवाय, घाईत डोळे फसवतात. बोट फसवत नाही.

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको. बुडावर 'केएफ' असा ठसा असेल तर ती आपल्या खडकीची. तिथला दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे आणि केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. पुण्यात बनलेलं काडतूस कानपूरच्या नळीत जातं याची मला उगाचच गंमत वाटते.

आणि भिंत. फ्लॅटमधली खोल्यांमधली विटांची भिंत गोळी थांबवेल असं गृहीत धरू नका. पलीकडे शेजाऱ्यांचं देवघर असतं. नेम धरायला आरसीसीचा जाड कॉलम निवडा, रिव्हॉल्व्हर रिकामं असलं तरी. सरावाला डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं मिळाली तर उत्तम.

उजवा हात

(डावखुऱ्यांनी सगळं उलट वाचावं. फक्त उघडण्याची कळ तुमच्यासाठी गैरसोयीच्या बाजूला आहे, तिचा सराव वेगळा करावा लागतो.)

डाव्या हाताने रिव्हॉल्व्हर नळीच्या बाजूने धरा आणि ते उजव्या हातात बसवा. हाताने झडप घालून उचलायचं नाही, बसवायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला जो बेचका, तो दस्त्याच्या पाठीवर बरोबर मध्यभागी आणि जमेल तितका वर. वर का? कारण गोळी सुटते तेव्हा मागे येणारा धक्का नळीच्या रेषेत येतो आणि हात त्या रेषेच्या खाली असतो. हे अंतर जितकं जास्त तितकी नळी वर उसळते. पाना लांब धरला की नट सोपा फिरतो, तसंच हे. फक्त इथे आपण नट आहोत.

पण फार वर गेलात तर घोडा चावतो. घोडा मागे चढवला की त्याचं शेपूट खाली येतं आणि बेचक्याची कातडी त्यात सापडते. माझी पहिल्या दिवशी सापडली होती. रक्त फार आलं नाही, पण पुढच्या पाच फैरींना मी नकळत हात खाली सरकवत गेलो आणि सगळ्या गोळ्या कागदाच्या वर गेल्या. तुमची योग्य उंची शोधायची रीत सोपी : रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवून ठेवा, बेचका वर सरकवत न्या, घोड्याला कातडी लागली की तिथून दोन-तीन मिलिमीटर खाली या. तीच तुमची जागा. मग घोडा उतरवा. कसा, ते पुढे आहे आणि ते वाचल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

नळी आणि कोपरापर्यंतचं हाड एका रेषेत हवं. मधल्या पेराने चाप नीट गाठता यावा म्हणून बरेच जण दस्ता हातात फिरवून घेतात, मग धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो. तपासायला डोळे मिटा, हात नेमाच्या उंचीला आणा, डोळे उघडा. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. डावीउजवीकडे दिसली तर मनगट वळवून दुरुस्त करू नका. दस्ता काढून पुन्हा बसवा. वीस वेळा करा. कंटाळा येतो, येऊ दे.

आता तीन बोटं. मधलं बोट चापाच्या कडीखाली घट्ट भिडलेलं, मध्ये फट नको. पकडीचा जोर पुढून मागे, म्हणजे बोटांनी दस्ता तळव्याकडे ओढायचा. दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखं दाबलं की नळी थरथरते. सगळ्यात जास्त काम मधलं बोट आणि अनामिका करतात. करंगळी ही घरातली हौशी पाहुणी : मदत करते असं वाटतं, पण तिने जोर लावला की नळी खाली जाते. छोट्या दस्त्यावर तिला जागाच उरत नाही; मग ती दस्त्याच्या बुडाखाली दुमडून ठेवावी. कोल्टच्या नांगरासारख्या वळणदार दस्त्यावर करंगळी अशी खाली घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यामागे कारण आहे. तो दस्ता धक्क्याबरोबर तळव्यात थोडा गडगडावा अशाच आकाराचा केलेला आहे. गडगडला की घोडा अंगठ्याजवळ येतो आणि पुढच्या गोळीसाठी चढवणं सोपं जातं. आपल्या .३२चा धक्का मुळात मवाळ; ९८ ग्रेनची (साधारण सव्वासहा ग्रॅमची) शिशाची गोळी, वेगही बेताचा. त्याला गडगडू द्यायची गरज नाही, घट्ट धरा.

घट्ट म्हणजे किती, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. हात थरथरायला लागेपर्यंत आवळा. मग हळूहळू सैल करत या. थरथर जिथे थांबते तिथे थांबा.

डावा हात, आणि एक धोक्याची सूचना

बालेवाडीच्या २५ मीटर रेंजवर सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेचे नेमबाज बघाल तर ते एका हाताने मारतात, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. तो स्पर्धेचा नियम आहे. स्वसंरक्षणाला दोन हात आहेत तर दोन्ही वापरा. ऐटीत एक हात पुढे करून उभं राहणं सिनेमावाल्यांना सोडून द्या.

उजव्या हाताच्या तीन बोटांवर डाव्या हाताची चारही बोटं गुंडाळा, सांधे सांध्यांवर. डावी तर्जनी चापाच्या कडीच्या खाली येते. कडीच्या पुढच्या बाजूला ती लावू नका, ओढ एका बाजूला जाते. दस्त्याच्या डाव्या बाजूला तळव्याचा जो भाग उघडा राहिला असेल, तो डाव्या तळव्याने भरून काढा. जोराची वाटणी : डावा हात जास्त, उजवा कमी. उजव्याला चापाचं नाजूक काम करायचं आहे आणि आवळलेल्या मुठीतलं एकच बोट मोकळेपणाने हलत नाही.

धोक्याची सूचना ही : पिस्तूल शिकलेले लोक दोन्ही अंगठे पुढे सरळ ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर हे करू नका. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. गोळी सुटली की त्या फटीतून दोन्ही बाजूंना तापलेला वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात. .३२वर बोट भाजेल, फाटेल. मोठ्या काडतुसांवर याहून वाईट होतं. कुठलंही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपलीकडे जाता कामा नये. उजवा अंगठा खाली वळवलेला, डावा त्याच्यावर कुलपासारखा. रेंजवर कुणी नवखा असेल तर मी बाकी काही बघत नाही, आधी त्याचे अंगठे बघतो.

घोडा चढवणं

उजव्या अंगठ्याने घोडा ओढला की काय होतं पाहा : बेचका सुटतो, दस्ता फिरतो, एवढ्या मेहनतीने बसवलेली मूठ मोडते. म्हणून घोडा डाव्या अंगठ्याने चढवा. उजवी मूठ जशीच्या तशी, डावा अंगठा वर उचलून शेपटावर, पूर्ण मागे 'टक्' होईपर्यंत, आणि परत जागेवर. घोडा चढवताना उजवी तर्जनी कुठे? फ्रेमवर, सरळ. ती चापावर असेल आणि डावा अंगठा घसरला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. अर्ध्यावर सोडायचं नाही. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत.

चढलेल्या घोड्याचा चाप फार हलका आणि फार थोडा चालतो. त्यावर बोटाच्या टोकाची मऊ गादी ठेवा, पहिल्या पेराचा मध्य. डबल अ‍ॅक्शनला चाप जड आणि लांब, तिथे पहिल्या सांध्याची वळी लागते. सारखंच बोट दोन्हीकडे चालत नाही. सिंगलला वळी लावली तर गोळी बाजूला ओढली जाते.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. घरात अंधारात, छाती धडधडत असताना घोडा चढवून उभं राहणं मला मान्य नाही. हात कापतात तेव्हा हलका चाप ही सोय राहत नाही, तो धोका होतो. समोरचा चोर निघतो की उशिरा आलेला पुतण्या, हे कळायला दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ जड चाप तुम्हाला देतो. मग सिंगल अ‍ॅक्शन शिकायची कशाला? कारण हाताला स्वच्छ चाप कसा लागतो हे तीच शिकवते. माशी न हलवता घोडा सोडणं एकदा बोटात मुरलं की डबल अ‍ॅक्शनही सुधारते. रेंजवर माझं निम्मं काम घोडा चढवून असतं.

घोडा उतरवणं

चढवायला पोरंसुद्धा शिकतात. अपघात होतात ते उतरवताना.

नळी सुरक्षित दिशेला. डाव्या हाताचा अंगठा घोडा आणि फ्रेम यांच्या मध्ये आडवा घाला, पाचर मारल्यासारखा. निसटलाच तर घोडा अंगठ्यावर पडेल, काडतुसावर नाही. उजव्या अंगठ्याने घोड्याचं शेपूट भक्कम दाबून धरा, त्याचं वजन अंगठ्यावर आलेलं जाणवलं पाहिजे. आता चाप हलकेच दाबा, घोडा सुटला की लगेच तर्जनी चापावरून काढून फ्रेमवर. हे 'लगेच' महत्त्वाचं : चाप पुढे गेल्यावरच आतली अडण घोड्याच्या वाटेत येते. बोट चापावर दाबून ठेवून घोडा खाली नेलात तर ती अडण काम करत नाही. मग घोडा हळूहळू पुढे येऊ द्या, पाचर मारलेला अंगठा थोडा थोडा मागे घेत.

रिकाम्यावर किमान शंभर वेळा. माझ्याकडून एकदा रिकाम्यावर निसटलं होतं. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि आठवडाभर शर्टाची बटणं लावताना आठवण येत होती. हाताला तेल किंवा घाम असेल तर तो दिवस उतरवण्याच्या सरावाचा नाही. आणि भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर शक्यतो उतरवण्याची वेळच आणू नका.

जुन्या धाटणीच्या कोल्टमध्ये आतली अडण नसते. उतरवलेला घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर (ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या भागावर) टेकतो आणि शस्त्र पडलं तर गोळी सुटू शकते. म्हणून त्यात सहाऐवजी पाचच भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवतात : एक भरा, एक सोडा, चार भरा, मग घोडा पूर्ण चढवून उतरवा. रूगर या अमेरिकन कंपनीने १९७३मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा ठोका पुढे पोचवणारी पट्टी) आणून त्यांच्या सिंगल अ‍ॅक्शनमधली ही अडचण सोडवली.

उभं राहणं, नेम आणि दचकणं

पाय खांद्याएवढे फाकून, वजन किंचित पुढे. कोपरं अगदी ताठ नकोत. नजर पुढच्या माशीवर. माशी तीक्ष्ण, कागद पुसट. उलटं करण्याची इच्छा होते, ती मोडावी लागते.

उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर ते सहसा दचकणं असतं. आवाज होणार म्हणून हात आधीच खाली ढकलला जातो. निदान करायला मित्राची मदत घ्या : रेंजवर त्याने सहा घरांत काही जिवंत काडतुसं आणि काही डमी मिसळून भरावीत, तुम्हाला न दाखवता. डमीवर घोडा पडला की नळी खाली बुडाली, तर चोर सापडला. हा प्रयोग बघताना रेंजवर हशा पिकतो, पण जो हसतो त्याचीही पुढची पाळी असते.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं फक्त मूठ बसवणं आणि काढणं, पाच मिनिटं घोडा चढवून चाप. ज्यांना जास्त सराव हवा त्यांनी एअर पिस्तूल घ्यावं : ४.५ मिमीचं, २० जूलपेक्षा कमी ताकदीचं असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दस्ता वेगळा असतो, पण माशी आणि चाप तेच शिकवतात. छर्रा स्वस्त आहे, काडतूस नाही.

रिकामी पुंगळी काढताना नळी वर आणि शस्त्र किंचित तिरकं ठेवून एका झटक्यात उघडा. हळूहळू उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीखाली घसरते आणि रिव्हॉल्व्हर धड उघडं ना धड बंद. रेंजवर ही फजिती चालते, घरात नाही.

कायद्याची बाजू, थोडक्यात

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. खाजगी संरक्षणाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४मध्ये. कलम ३७ प्रत्येक परवानाधारकाने वाचावं : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा तर कधीच नाही. म्हणून दार आतून लावून ११२ फिरवणं हे पहिलं काम. शस्त्र हातात असलं तरी. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लग्न-वरातीत हवेत फैर झाडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. निवडणुकीत पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करायला सांगतात तेव्हा कुरकुर न करता जमा करा, पावती घ्या, आणि परत घेताना तिथेच उघडून बघा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत लोखंड गंजायला कारण लागत नाही. चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि जिथे टेकतं तिथे गंजाचा शिक्का उमटतो. हलकं तेल, सुती फडकं, कुलूपबंद पेटीत सिलिका जेल. नळी पुसायची तर घोड्याच्या खाचेतही एकदा फडक्याचं टोक घाला. काकांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा एके वर्षी अर्ध्यावर अडकायला लागला. उघडल्यावर आत तेलात कालवलेलं हळदकुंकू निघालं, कित्येक दसऱ्यांचं, लापशीसारखं घट्ट. तेव्हापासून खंडेनवमीला ते ताम्हनात उघडून, सहाही घरं दिसतील असं ठेवतात, आणि कुंकवाचं बोट पेटीला लावतात.